शिळा दुखवटा

ज्यानं सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ती निळी अक्षरं लिहून घेतली, तो खोटारडा आहे. 'उदास वाटतंय? बोला. आम्ही ऐकतो.' शेजारी हसऱ्या बाईचं चित्र, तिच्या दातांना पांढरा रंग दोनदा मारलेला. रंगाऱ्याची सोय झाली, चित्राची झाली, ऐकणाऱ्याची तेवढी राहून गेली. पुनम आपल्या आईला घेऊन तिथं गेली तेव्हा आतल्या साहेबानं मान वर न करता विचारलं, जेवता का? झोपता का? कामं होतात का? मनकर्णा तिन्ही वेळा हो म्हणाली, कारण ते खरंच होतं. "मग तुम्हाला काय धाड भरलीय? टेन्शन घेऊ नका," असं म्हणून त्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मनकर्णाची लघवी पिवळी झाली. बाकी काही झालं नाही.

शकुबाईला हे नातीकडून कळलं होतं, आणि तेव्हा तिला त्या साहेबाचं काही चुकलं असं वाटलं नव्हतं. लेकासाठी, विश्वंभरासाठी, मुलगी बघायला ती कनेरगाव नाक्याला गेली होती, तेव्हा तिनं तरी यापेक्षा जास्त काय विचारलं होतं?

आज त्याच सुनेचा दुखवटा काढायचा होता. आणि जिचा काढायचा तीच चुलीपाशी बसून पुरण शिजवत होती, कारण एवढ्या माणसांच्या पुरणाचा अंदाज घरात दुसऱ्या कोणाला नव्हता.

माणूस गेलं की सोयऱ्यांनी त्या घरी दुखवटा न्यायचा असतो. बाईला साडी, बाप्याला टॉवेल-टोपी, वर गोडाचं जेवण. तेवढं झालं की रडणाऱ्याला पुन्हा हसायची मोकळीक. मनकर्णाचा भाऊ दादाराव नाक्यावर ट्रकखाली गेला, तेव्हा हट्टा गावातल्या या घरानं दुखवटा नेला नव्हता. कारण काय, तर पंगत. घरच्या धाकट्या लेकीच्या लग्नात कनेरगावकर सोयऱ्यांना पहिल्या पंगतीचा मान मिळाला नाही, ते न जेवता उठले, जाताना शकुबाईच्या नवऱ्याला, संतरामला, चारचौघांत बोलले. त्या न खाल्लेल्या बुंदीपायी दोन घरं एकमेकांच्या मयतीला तोंड फिरवून बसली. मनकर्णा एकटी गेली, एकटी आली आणि दुसऱ्या दिवशी हळद काढायला वावरात उभी राहिली.

"तिथंच अडकली ती," द्वारकाबाईचं ठाम मत होतं. संतरामची ही थोरली बहीण सासरगावाहून, साखऱ्याहून, आली की घरातल्या मांजरालाही आपलं चुकलं काय असं वाटायचं. "दुखवटा निघाला न्हाई तिचा. माणूस अंगानं चालतं, पण दुःख अंगावर तसंच. वैनी, तुमी दुखवटा काढा, पोरगी हसती का न्हाई बघा."

शकुबाईला हे पटलं होतं. पटण्यासारखंच होतं. या घरात मनकर्णाइतकं लाडकं माणूस दुसरं नव्हतं. शकुबाईचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा हिनं तिला लेकरासारखं न्हाऊ घातलं, एकदा कपाळाला आठी नाही. पण हसू पण नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, शांत सून मिळाली. शकुबाई मान डोलवायची, आणि रोज दुपारी ओसरीवर बसून या शांत सुनेकडं बघताना तिच्या छातीत काहीतरी टोचायचं. आपल्या हातून हिचं काय राहिलं? आता द्वारकाबाईनं सांगितलं, दुखवटा राहिला. राहिलं असेल ते देता येतं, या विचारानंच शकुबाईचं अंग हलकं झालं होतं. हिंगोलीच्या बाजारात जाऊन तिनं स्वतः साडी निवडली. डाळिंबी, जरीच्या काठाची.

फक्त एक गोष्ट होती. तिच्या चंचीत, सुपारी आणि कातरीच्या मधोमध, सुनेच्या गोळ्यांची पाकिटं होती.

दिवाळीनंतर पुनमनं आईला नांदेडला मनाच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं होतं. विश्वंभर गाडी घेऊन सोबत. गोळ्या सुरू झाल्या, हळद निघायच्या दिवसांपर्यंत चालल्या, आणि मग द्वारकाबाईला कळलं. "येड्याच्या डॉक्टरकडं? घरातली सून? उद्या पुनमला बघायला येणारे काय गप बसतीन?" शकुबाईनं त्याच दिवशी पाकिटं ताब्यात घेतली. दुखवटा काढू, मग बघू. मनकर्णानं विरोध केला नाही. ती कशालाच विरोध करत नसे.

"आजी, गोळ्या दे." पुनम तिसऱ्यांदा मागायला आली. तिच्या हाताला पीठ होतं, डोळ्यांत आग होती. "चार-पाच दिवस झाले. अशा एकदम बंद करायच्या नसतात. तिचं डोकं गरगरून राहिलंय, बघत न्हाईस का?"

"कामानं गरगरतं. हळदीच्या दिवसात कोणाचं गरगरत न्हाई?"

"आजी, तुझ्या बीपीच्या गोळ्या मी लपवू का?"

"लपव. मी मेले तर माझा दुखवटा तरी येळेवर काढा."

पुनमला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम, आणि ती पाय आपटत स्वैपाकघरात गेली. जाता जाता म्हणाली, "आजचा दिवस बघते. उद्या चंची कापून नेईन."

"आज्जाची पोर हाय," शकुबाई पुटपुटली आणि चंचीची गाठ आवळली.

अंगणात शिजवलेली हळद वाळत होती. विश्वंभर संगिताला घेऊन आला तो गाडी त्या हळदीमधूनच काढत. संगिता म्हणजे दादारावची बायको, मनकर्णाची भावजय. कनेरगाव नाक्याच्या एका धाब्यावर ती भाकऱ्या करायची. दिवसभर ट्रकवाल्यांशी बोलून तिचा आवाज रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असा झाला होता. पोपटी साडी, हातात फरसाणाची पिशवी.

"रामराम मावशी! बाप रे, किती हळद! माणसं कुठं झोपत्यात?"

शकुबाईला ती पोपटी साडी जरा खटकली. द्वारकाबाईला तर फारच.

बायका माजघरात बसल्या. रीत अशी की सोयरी आत आली की गळ्यात पडून आधी रडायचं, मग पाणी. पण इतक्या वर्षांनी रडायचं कसं, ते कोणाला सुचेना. शकुबाईनं पदर तोंडाला लावला, रडू येईना. संगिता इकडंतिकडं बघत राहिली. शेवटी द्वारकाबाईनं सूत्रं हातात घेतली.

"अरे माझ्या दादाराऽऽव रेऽ, कसा सोडून गेलास रेऽऽ!"

"आत्याबाई," संगिता घाबरून म्हणाली, "तुमी त्यांना कवा बघितलं होतं का?"

द्वारकाबाईचा सूर मधेच तुटला. "बघितलं न्हाई म्हणून काय झालं? रडायला ओळख लागती का?"

"न्हाई, रडा. मी आपलं विचारलं."

ओसरीवर बाजेवर पडलेला संतराम खोकल्यासारखं करून हसला. त्याच वेळी मनकर्णा पाण्याचा तांब्या घेऊन आत आली, भावजयीच्या गळ्यात पडली नाही, तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "चहात साखर किती घेतीस अजून? पहिल्याइतकीच?"

संगितानं तिच्याकडं बघितलं. तिच्या आवाजातला रस्ता एकदम संपला.

"आक्का, बस इथं. चहा पुनम करील."

"दूध उतू जाईल."

"जाऊ दे उतू."

मनकर्णा दाराच्या चौकटीला टेकून बसली. अर्धी बाहेर, अर्धी आत. शकुबाईनं डाळिंबी साडी ताटात ठेवली, हळदीकुंकू घेतलं, नारळ घेतला. "संगिता, चुकलं-माकलं पोटात घाल. तवा आमच्या डोक्यात राग होता. दुखवटा आणायला पाहिजे होता, आणला न्हाई. उलटा असंल, शिळा असंल, पण आज काढू. तू तुझ्या हातानं आक्काला ही साडी नेसव. भावाचं दुःख आता सोड म्हणावं. तिनं सोडलं की माझं घर हसंल."

"आन् गोळ्या बंद," द्वारकाबाईनं जोडलं.

"कसल्या गोळ्या?" संगितानं विचारलं.

मग सगळे एकदम बोलले. पुनम चहाची भांडी तशीच टाकून आली, द्वारकाबाईनं नांदेडचं नाव असं घेतलं जसं कोणी वेश्यावस्तीचं घ्यावं, विश्वंभर दारात उभा राहून चपलेच्या टोकानं हळदीचं कांडं उकरत राहिला. संगितानं सगळं ऐकलं. मग पिशवीतलं फरसाण काढून एक शेव तोंडात टाकली. तिला विचार करायचा असला की ती खायची.

"मावशी, एक सांगू? रागवायचं न्हाई."

"सांग."

"दुखवटा तुमी चुकीच्या बाईचा काढून राहिले."

"म्हंजे?"

"दुःख मला झालं. मला म्हाईत हाय ते कसं असतं. ते गेले तवा मी भिंतीला डोकं आपटलं. आठ-आठ दिवस ताट लोटून दिलं. अन् दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, सगळे हात जोडून उभे, तवा चुलतसासरे म्हणले, 'दाद्या, तुझी बिडी राहिली का रे खिशात?' अन् मी हसले. फसकन हसले, मावशी. मग हसले म्हणून रडले. असं यायचं अन् जायचं. आता बी येतं. एखादा ट्रक तसला हारन वाजवतो, माझ्या हातातली भाकर तव्यावर जळती. पण मग गिऱ्हाईक वरडतं, मी त्याला शिव्या देते, संपलं. दुःख असं हलतं. जागा बदलतं." तिनं मनकर्णाकडं बोट केलं. "आक्काचं कुठं हललं?"

"तेच तर म्हणते मी, अडकलंय," द्वारकाबाई म्हणाली.

"अडकायला आधी यायला पाहिजे की. आत्याबाई, माझं लग्न झालं तवा हे जिते होते. नवरदेव होते! आक्का करवली. अंगावर शालू, हातात आरतीचं ताट, अन् चेहरा असा, जसं कोणाच्या तरी लग्नात वाढपी म्हणून आलीय. मी घाबरले. मला वाटलं, नणंदेला मी आवडले न्हाई. रात्री यांना विचारलं. तर हे म्हणले, तिचं तसंच हाय, शाळेत धाव्वीच्या वर्गात होती तवापासून."

बाहेर कोणीतरी गोणी आपटली.

शकुबाईच्या डोक्यात आकडेमोड सुरू झाली नाही, पण चित्रं सुरू झाली. ती मुलगी बघायला गेली होती, तेव्हाही दादाराव जिवंत होता. त्यानंच पोह्याच्या बश्या आणल्या होत्या, बहिणीला चिडवत होता, आणि बहीण खाली बघत होती. शकुबाईला वाटलं होतं, लाजरी आहे.

"मग स्वभाव म्हणा," द्वारकाबाई इतक्यात हार मानणारी नव्हती. "काही माणसं थंडच असत्यात. त्याला गोळ्या कशाला? अन् हे डिप्रेशन-फिप्रेशन मला नका सांगू. मी ते घरात बघितलंय. माझे मालक, पुनमचे साखऱ्याचे आजोबा. एक अख्खा पावसाळा भिंतीकडं तोंड करून पडले होते. आंघोळ न्हाई, दाढी न्हाई, घास न्हाई. बैल उपाशी मेला तरी उठले न्हाईत. तिकडं परभणीला नेलं, दवा चालली, मग उठले. त्याला म्हणत्यात ते. ही तर पहाटे सगळ्यांच्या आधी उठती!"

"द्वारके," ओसरीवरून संतरामचा आवाज आला. "म्हणजे तुझ्या नवऱ्याला नेलं ते चाललं. माझ्या सुनंला नेलं की येड्याचा डॉक्टर?"

शकुबाईला नवऱ्याकडून इतकं लांब वाक्य ऐकून महिने झाले होते.

"आत्याआजी, बाईंनी हेच सांगितलं," पुनम पुढं सरकून बसली. तिचा आवाज आता भांडायचा नव्हता. "साखऱ्याच्या आजोबांचं मन एकदम कोसळलं. ते सगळ्यांना दिसलं, म्हणून लगेच नेलं. आईचं कोसळलं न्हाई. ते वर्षानुवर्षं खालीच राहिलंय. थोडंसंच खाली. माणूस उठतं, राबतं, लग्नं लावतं, म्हणून कोणाला दिसत न्हाई. त्यालाही दुखणंच म्हणतात. लांबलेलं डिप्रेशन. आणि बाई म्हणाल्या, अशा माणसाला मधेच आजोबांसारखं कोसळायलाही होऊ शकतं. तेव्हा दुप्पट जड जातं."

"त्यांनी रक्त बी तपासलं," विश्वंभर दारातून म्हणाला. त्यानं आजवर या विषयावर घरात एक शब्द काढला नव्हता. "थायरॉईड असलं, रक्त कमी असलं तरी माणूस असं मलूल राहतं म्हणे. ते निघालं न्हाई. मग मला वेगळं बसवून विचारलं, ही कधी रात्र-रात्र न झोपता बडबड करती का, मोठाले बेत करती का, काहीबाही विकत घेत सुटती का. आपल्या तांड्यावरच्या रामसिंगनं न्हाई का, एका हप्त्यात दोन घोडे घेतले अन् मी आमदार होणार म्हणत गावभर फिरला? अन् पुढं चार महिने घरातून निघाला न्हाई? ते येगळं दुखणं. त्याची दवा येगळी. त्याला ही गोळी दिली तर ती झिंग उलट वाढती. म्हणून विचारून घ्यावं लागतं."

"मग तू काय सांगितलंस?" संगितानं विचारलं.

विश्वंभरनं कांडं उकरायचं थांबवलं. "मी सांगितलं, बाई, हिनं मला आजवर एक बांगडी मागितली न्हाई. मला वाटायचं, माझं नशीब चांगलं हाय."

हे बोलून तो अंगणात निघून गेला. हळदीच्या ढिगाशी उभा राहिला, पाठ करून. शकुबाईला त्या पाठीवर हात फिरवावासा वाटला. पण त्याच्याआधी तिला दुसरं काहीतरी करायचं होतं. ती जागेवरून उठली, गुडघे धरत चौकटीपर्यंत गेली आणि सुनेच्या शेजारी, तिच्यासारखीच अर्धी बाहेर अर्धी आत, बसली.

"सगळे बोलले. आता तू बोल."

"मी काय बोलू, आत्याबाई?"

"कसं वाटतं तुला? ते सांग."

मनकर्णानं हातावरची पिवळी साल नखानं खरवडली. कोणीतरी तिला हा प्रश्न विचारलाय यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागत होता.

"काही वाटत न्हाई, हेच," ती म्हणाली. "अळणी जेवणासारखं. रोजचं. पोट भरतं, मरत न्हाई माणूस. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांलाच असं लागतं. लोकं हसत्यात ते काम म्हणून. जसं झाडून काढायचं असतं, तसं पाहुणे आले की हसायचं. मला तेवढं एक काम जमत न्हाई, बाकी सगळी जमत्यात. म्हणून मी बाकीची जास्त करत गेले."

पुनम रडायला लागली. आवाज न करता, पिठाच्या हातानं डोळे पुसत, त्यामुळं तिचं तोंड पांढरं झालं.

शकुबाईनं आयुष्यात कधी आडवळणानं विचारलं नव्हतं. तिनं आताही सरळ विचारलं. "मरावं वाटायचं का?"

"वैनी!" द्वारकाबाई.

"विचारू द्या," मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा जरासा वर आला. "बाईंनी पण हेच विचारलं, असंच, तोंडावर. मला बरं वाटलं. न्हाई, आत्याबाई. जीव द्यावा असं न्हाई वाटलं. पण पहाटे जाग आली की वाटायचं, आज उठायचं न्हाई असं कोणी सांगितलं असतं, कधीच उठायचं न्हाई, तर चाललं असतं. मग दूध काढायची वेळ झालेली असायची. मग मी उठायचे."

शकुबाईला आठवलं, इतक्या वर्षांत पहाटे अंगणात बादलीचा आवाज आला की ती कूस बदलून सुखानं पुन्हा झोपायची. सून उठली, घर चालू झालं.

"अन् गोळ्यांनी?" संगितानं हळूच विचारलं.

"बरेच दिवस काही न्हाई. तोंड कोरडं, झोप झोप. मी सोडणारच होते. पुनी म्हणली, थांब, वेळ लागतो. मग हळद शिजवायला घेतली त्या दिवशी..." ती थांबली. सांगावं की नाही असं करत राहिली. "कढईचं झाकण काढलं अन् वास आला."

"वास तर येतोच," द्वारकाबाई म्हणाली. पण तिचा आवाज मऊ झाला होता.

"यायचा, आत्या. दरवर्षी यायचा. पण त्या दिवशी बरा वाटला. मी झाकण धरून तशीच उभी राहिले. मजुरीण म्हणली, बाई, हात भाजतोय तुमचा. मला वाटलं, हेच असंल का? लोकांला जे रोज वाटतं ते?" तिनं शकुबाईकडं बघितलं. "आता परत जाऊन राहिलं ते. तुमची साडी नेसते मी. दुखवटा काढा, तुमच्या मनात हाय तर. पण माझ्या गोळ्या मला द्या."

या घरात आल्यापासून तिनं मागितलेली ही पहिली वस्तू.

शकुबाईनं चंचीची गाठ सोडली. घट्ट आवळली होती म्हणून दातानं सोडली. पाकिटांना तंबाखूची पूड लागली होती, ती तिनं पदरानं पुसली. "पुनी, पाणी आण."

"आजी, दुपारी न्हाई, रात्री घ्यायची असते. मी सकाळीच बाईंना फोन केला. आजपासून परत सुरू करा म्हणाल्या, राहिलेल्या एकदम घ्यायच्या न्हाईत."

"म्हणजे तू माझ्या आधीच सगळं ठरवून बसली होतीस?"

"चंची कापायला कात्री पण काढून ठेवली होती."

"वैनी, स्थळाचं काय?" द्वारकाबाईनं विचारलं. पण आता तो फक्त प्रश्न होता.

"वन्स, ज्याला माझ्या सुनंच्या गोळ्या चालत न्हाईत त्याला माझी नात बी मिळत न्हाई. जाऊ द्या त्याला दुसऱ्या गावाला. न्हाईतर तुमी सांगा त्याला, आमच्या मालकांनी बी खाल्ल्या, अन् नंतर बारा एकर शेती वाहिली."

"चौदा," द्वारकाबाई म्हणाली. "चौदा एकर वाहिली त्यांनी." आणि तिनं पदर तोंडाला लावला. या वेळी सूर लागला नाही, नुसते खांदे हलत राहिले. त्या पावसाळ्याबद्दल तिला कोणी कधी काही विचारलं नव्हतं, हे शकुबाईच्या तेव्हा ध्यानात आलं.

ताटात डाळिंबी साडी तशीच होती. मनकर्णा उठली. सगळ्यांना वाटलं, नेसायला घेते. तिनं ती घडी मोडली, झटकली आणि संगिताच्या पोपटी खांद्यांवर घातली.

"आक्का, हे काय?"

"तुझा राहिला होता. आमच्या घराकडनं."

धाब्यावर ट्रकवाल्यांना शिव्या देणारी ती बाई नणंदेच्या कुशीत शिरली आणि अशी रडली की ओसरीवरून संतराम उठून आत आला. मनकर्णाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती थोपटत राहिली, जसं ती सगळ्यांना थोपटायची. पण शकुबाईनं बघितलं, थोपटता थोपटता तिनं गाल भावजयीच्या डोक्यावर टेकवला आणि डोळे मिटले. दूध उतू गेल्याचा वास आला तरी उघडले नाहीत.

पुरणपोळ्या संध्याकाळी खाल्ल्या. जरा करपल्या होत्या, कारण त्या द्वारकाबाईनं लाटल्या आणि विश्वंभरनं भाजल्या, आणि मनकर्णाला चुलीजवळ येऊ द्यायचं नाही असा संतरामनं हुकूम काढला होता. "कशा झाल्या?" विश्वंभरनं बायकोला विचारलं. "कडू," ती म्हणाली. संगिता खो खो हसली. मनकर्णा हसली नाही. पण दुसरी मागून घेतली.

पुढच्या तारखेला नांदेडला जाताना शकुबाई सोबत निघाली. विश्वंभर गाडी चालवत होता, ती आणि सून मागं. वाटेत ती भिंत आली. निळी अक्षरं, दोनदा रंगवलेले दात.

"थांबव," शकुबाई म्हणाली.

"माय, उशीर होईल. तिथं नंबर असतो."

"थांबव म्हणते ना."

"आत्याबाई, कशाला?" मनकर्णा म्हणाली. "जाऊ द्या. त्यांनी तरी काय, रोज किती लोकं बघायची."

"तू बस गाडीत. तुझं हेच चुकतं, सगळ्यांचं समजून घेती."

शकुबाई आत गेली. ओळीतल्या बायकांनी म्हातारी बघून वाट दिली. साहेब टेबलामागं होता, मान खाली. "काय होतंय?" त्यानं विचारलं. "जेवता का? झोपता का?"

"जेवते. झोपते. काम बी होतं," शकुबाई म्हणाली. समोरचं स्टूल तिनं ओढून घेतलं आणि चंची मांडीवर ठेवून ऐसपैस बसली. "मला काही झालं न्हाई. माझी सून आली होती तुमच्याकडं. तुमी तिला तीन गोष्टी विचारल्या, ती तिन्हीला हो म्हणली, तुमी तिला घरी धाडली. मी बी इतकी वर्षं तिला तेवढंच विचारलं. पण मी अंगठेबहाद्दर बाई, मला कोणी शिकवलं न्हाई. तुमच्या भिंतीवर तर लिहिलंय. तिला बरं वाटतं का, हे तुमी काहून विचारलं न्हाई?"

साहेबानं मान वर केली.

"सांगा. मी बसले हाय."